विहिरीची पायरी

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपल्या घरांतून दोन कामे होतात. दागिने, नाणी, हिशेबाच्या वह्या पाटावर मांडून त्यांची पूजा होते. आणि दाराबाहेर, दक्षिणेकडे तोंड करून, यमासाठी एक दिवा लावला जातो. वैद्यांच्या घरी त्याच दिवशी धन्वंतरीची पूजा असते आणि कडुनिंबाच्या पानांचा नि साखरेचा प्रसाद वाटतात. म्हणजे धन आणि आरोग्य यांचा सण आपण एकाच तिथीला बसवला आहे. तिन्हीसांजेला मुलांकडून म्हणवून घेतो त्या प्रार्थनेतही या दोन गोष्टी आपण एका दमात मागतो. त्यामुळे लहानपणापासूनच आपल्या मनात एक समजूत पक्की बसते, की आरोग्य हेही एक धन आहे आणि धनासारखेच ते ज्याचे त्याचे असते. ज्याने राखले त्याचे राहील, ज्याने उधळले त्याचे जाईल. बेताने जेवा, वेळेवर निजा, रोज चार मैल चाला. तुमची तिजोरी भरलेली राहील.

ही समजूत खोटी नाही. पण ती अर्धीच आहे. दागिना कडीकुलपात ठेवता येतो. आरोग्याला कुलूप घालता येत नाही, कारण ज्या वाटांनी ते घरात येते आणि ज्या वाटांनी ते घरातून जाते, त्या वाटा सामाईक आहेत. हवा सामाईक, पाणी सामाईक, गटार सामाईक. आणि डास तर कोणाच्याच मालकीचा नाही. तेव्हा प्रश्न असा पडतो : माझे आरोग्य माझे किती आणि शेजाऱ्याचे किती? माझ्या दुखण्यावरचा उतारा हेच जर दुसऱ्याचे दुखणे होणार असेल, तर तो उतारा घेण्याचा मला अधिकार आहे काय?

मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. शाळेत मुलांना शिकवावे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्या, एवढाच माझा उद्योग. म्हणून या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी तत्त्वज्ञानाच्या जड पोथ्या उघडणार नाही. एका रोगाची हकीकत सांगते. तो रोग आपल्या देशातून केव्हाच गेला. फराळाच्या ताटापाशी मी त्याचे नाव काढले म्हणून कोणी नाक मुरडू नये. कारण त्याचे जाणे ही माझ्या मते आनंदाचीच वार्ता आहे, आणि आनंदाच्या वार्तेला दिवाळीइतका चांगला मुहूर्त दुसरा कोणता?

त्या रोगाचे नाव नारू.

आजीचे गाव दुष्काळी मुलखातले. तिच्या डाव्या घोट्याच्या वर चवलीएवढा एक पांढुरका व्रण होता. लहानपणी तिचे पाय चेपताना माझे बोट त्या व्रणावर थांबे आणि मग ती सांगे, की तरुणपणी येथून नारू निघाला होता. आधी एक फोड आला. तो फुटला आणि आतून दोऱ्यासारखे पांढरे टोक दिसू लागले. ते टोक एका काडीला गुंडाळायचे आणि रोज वेढा-दोन वेढे ओढून घ्यायचे. जास्त नाही, कारण घाईने जंत तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळे. असे आठवडेच्या आठवडे चाले. हाताएवढा, कधी त्याहूनही लांब जंत! आणि हे सारे नेमके शेतीच्या कामाच्या दिवसांत. "पाय असा जळायचा, जसा निखारा बांधलाय," आजी म्हणे. "बारवेवर जायचं, पायऱ्या उतरायच्या नि पाय पाण्यात सोडायचा. तेवढाच जीव गार व्हायचा बघ."

त्या 'जीव गार होण्यात'च सारे रहस्य होते, हे आजीला ठाऊक नव्हते. मलाही ते फार पुढे, पुस्तकात वाचूनच समजले. नारूची मादी माणसाच्या अंगात वर्षभर वाढते. पिल्ले सोडण्याची वेळ आली की ती कातडीपाशी, बहुधा पायाशी येते आणि तेथे आग उठवते. आग झाली की माणूस पाणी शोधतो. पाय पाण्यात पडला की ती मादी लाखो पिल्ले पाण्यात सोडते. सायक्लॉप्स नावाचे, डोळ्याला धड न दिसणारे पाणकिडे ती पिल्ले गिळतात. आणि पंधरा दिवसांनी त्याच विहिरीचे पाणी जो कोणी न गाळता पिईल, त्याच्या पोटात तो पाणकिडा आणि त्याच्या पोटातले ते पिल्लू जाते. पुन्हा वर्षभर कोणाला काही कळत नाही. पुढच्या वर्षी त्याच सुमाराला आणखी कोणाचा तरी पाय जळू लागतो आणि तो माणूस बारवेच्या पायऱ्या उतरतो. पाणकिड्याचा हा भाग फेडचेंको नावाच्या एका रशियन शास्त्रज्ञाने १८७० च्या सुमारास उलगडला. परंतु उलगडलेली गोष्ट आजीच्या गावच्या बारवेपर्यंत पोचायला आणखी शंभर वर्षे लागली.

आता यातला नैतिक पेच पाहा. ज्याचं जळतं त्याला कळतं, असे आपण म्हणतो. येथे ज्याचे जळते त्याला पाण्याने आराम मिळतो, आणि त्याचा तो आराम हाच दुसऱ्याचा रोग होतो. त्याने पाय पाण्याबाहेर ठेवला, तर त्याचे स्वतःचे काय भले होते? काहीही नाही. त्याचा नारू काही लवकर निघत नाही, आग कमी होत नाही. उलट मिळत होता तो गारवाही जातो. भले होते ते पुढच्या वर्षीच्या कोणाचे तरी. ते कोण, हे त्याला कधीच कळणार नाही. आणि ज्याला रोग झालाच नाही, त्यालाही आपल्याला कोणी वाचवले हे कळणार नाही. उपकार करणारा आणि उपकार घेणारा यांची भेट तर नाहीच, पण उपकार घेणाऱ्याला उपकार झाल्याचा पत्ताही नाही. दानात निदान घेणारा हात दिसतो. येथे तोही दिसत नाही. अशा वागण्याला काय नाव द्यावे, हे मला आजवर नीटसे सुचलेले नाही.

मग माझी आजी दोषी होती काय? पाण्यात पाय सोडून तिने पुढच्या वर्षी कोणाला तरी अंथरुणाला खिळवले असेलच. कदाचित घरातल्याच कोणाला. कारण पाणी त्याच बारवेचे होते. पण मला विचाराल तर ती दोषी नव्हती. ज्याला कार्यकारण ठाऊक नाही, त्याच्या हातून अपाय होतो. पाप होत नाही. ते कळल्या दिवसापासून मात्र हिशेब बदलतो. कालपर्यंत जो निव्वळ गारवा होता, तो आजपासून कोणाच्या तरी पायाचा निखारा असतो. ज्ञान माणसाला मोकळे करते असे आपण मुलांना शिकवतो. पण ते बांधूनही घालते, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

नारूवर लस नव्हती आणि आजही नाही. त्याला मारणारे औषधही नाही. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही, असेही नाही. आणि तरी तो गेला. भारताने १९८३-८४ साली नारू-निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश अशा राज्यांतून मिळून सुमारे ४० हजार रुग्ण आढळले होते. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर भागात सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. साऱ्या जगाचा हिशेब पाहिला तर १९८६ च्या सुमारास वर्षाला अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होत असे. २०२४ साली साऱ्या पृथ्वीवर अवघे १५ रुग्ण नोंदले गेले, आणि तेही आफ्रिकेत. देवी १९८० साली गेल्याचे जाहीर झाले, त्यामागे लस होती. नारूमागे काय होते? दुहेरी फडके, विहिरीचा कठडा, पाणकिड्यांना मारणारी थोडी औषधी आणि पाण्याबाहेर ठेवलेले हजारो पाय.

येथे कोणी म्हणेल, म्हणजे शेवटी सगळे माणसाच्या सद्‌गुणावरच आले. लोकांना नीट उपदेश केला की झाले. उपदेश हा माझा रोजचा धंदा असल्यामुळे त्याची किंमत मला चांगली ठाऊक आहे. पाय पाण्यात घालू नको असे त्या बाईला सांगणे सोपे आहे. पण गावाला पाणी एकच, त्याला उतरायच्या पायऱ्या, शेवटची पायरी पाण्यात, आणि घरात चार माणसे तहानलेली. ती पाण्यात उतरली नाही तर घागर भरणार कशी? पाय जळतो म्हणून घरी बसण्याची चैन तिच्यासाठी नव्हती. अशा बाईला संयमाचे पाठ देणे म्हणजे पाण्याशिवाय राहा असे सांगणे होय. आणि ते सांगणारा बहुधा घरच्या आडाचे पाणी पीत असतो.

आड आणि बारव यांतला फरक शहरातल्या वाचकांना सांगितला पाहिजे. बारवेला पायऱ्या असतात. माणूस पाण्यापर्यंत उतरतो. आडाला कठडा असतो. माणूस वर उभा राहतो आणि पोहरा खाली जातो. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, ही आपली जुनी म्हण. पण नारूच्या बाबतीत ती अगदी अक्षरशः खरी ठरली. पाय आडात पोचत नाही, म्हणून नारूही पोहऱ्यात येत नाही. नारू-निर्मूलनाच्या कामातला एक मोठा भाग हाच होता : पायऱ्यांच्या विहिरी बंद करून किंवा बदलून त्यांचे आड करणे आणि हातपंप बसवणे. म्हणजे जी गोष्ट आधी माणसाच्या सद्‌गुणावर सोपवली होती, ती दगड-चुन्याच्या कठड्यावर सोपवली. माझ्या मते समाजाचे आरोग्य राखण्याचे पहिले सूत्र हे आहे. जेथे माणसाला चांगले वागणे अशक्य आहे तेथे त्याला चांगले वाग म्हणू नये. आधी विहीर बदलावी. विहीर बदलणे हे एकट्या माणसाचे काम नव्हे. गाव करी ते राव न करी, असे म्हणतात ते अशाच कामांना उद्देशून.

पण विहीर बदलायची तर ती सगळ्यांची आहे हे आधी मान्य व्हावे लागते, आणि आपल्याकडे नेमके तेथेच घोडे अडत होते. पाणी बाटते या कल्पनेवर आपल्या समाजाने शतकानुशतके जेवढा विचार केला, तेवढा जगात क्वचितच कोणी केला असेल. कोणाच्या स्पर्शाने बाटते, कोणाच्या सावलीने बाटते, याचे नियम बारीकसारीक तपशिलासह ठरलेले होते. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत. पण २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा सनातन्यांनी पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' करून घेतले. आणि जेथे गावातला मानाचा माणूस नारूने जळणारा पाय घेऊन बारवेत उतरे, तेथे कोणी ब्र काढीत नसे. कारण त्या पायाने पाणी बाटत नव्हते! खऱ्या घाणीला जात नसते, हे नारूला ठाऊक होते, माणसांना नव्हते. विटाळाच्या नावाखाली खर्च झालेली ती सारी बुद्धी जर पाणी गाळण्यात खर्च झाली असती, तर आजीच्या घोट्यावर तो व्रण कदाचित उमटलाही नसता. महाडचा लढा समतेचा होता, आणि तो तसाच लक्षात ठेवला पाहिजे. पण ज्या पाण्यावर सगळ्यांचा हक्क नाही, त्याची काळजीही सगळे घेत नाहीत, एवढा आरोग्याचा धडाही त्यातून घेता येतो.

बरे, विहीर बदलली, पाणी सर्वांचे झाले; तरीही काही माणसे ऐकत नाहीत. मग काय करावे? पोलिस उभा करावा काय? हा प्रश्न काल्पनिक नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याने गोरे सैनिक घराघरांत घातले. रोगी शोधायचे, त्यांना इस्पितळात न्यायचे, घरच्यांना छावणीत ठेवायचे, सामान जाळायचे. रोग्याला वेगळे ठेवावे हा विचार शास्त्राला सोडून नव्हता, हे आज मान्य करावे लागते. परंतु सैनिक देवघरापर्यंत आणि बायकांच्या खोल्यांपर्यंत शिरले. लोकांनी काय केले? रोगी लपवले, प्रेते लपवली. आणि २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

त्याच वर्षी, त्याच प्लेगात आणखी दोन गोष्टी घडल्या. १० जानेवारीला मुंबईत हाफकिन या शास्त्रज्ञाने आपण तयार केलेली प्लेगची लस इतर कोणाला टोचण्याआधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. आणि पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात रोगी आणून त्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतून प्लेगने आजारी झालेल्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले. त्यात त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तेव्हा त्यांचे वय ६६ वर्षांचे होते.

एकच रोग, एकच वर्ष. रँडलाही रोगी घराबाहेर काढायचा होता आणि सावित्रीबाईंनाही. मग फरक कशात? रँडने दुसऱ्याच्या देहावर हुकूम चालवला. सावित्रीबाईंनी आणि हाफकिनने आधी आपला देह पुढे केला. मला वाटते, दुसऱ्याकडे संयम मागण्याचा अधिकार कायद्याच्या कलमातून पुरता येत नाही. मागणारा त्या त्रासात किती भागीदार आहे, यावर तो अवलंबून असतो. सक्ती मुळीच नको, असे मी म्हणत नाही. साथ दाराशी आली की कधीकधी तीही करावी लागते. तोच १८९७ चा कायदा २०२० साली कोविडच्या साथीतही आपल्या देशाने वापरला. पण सक्तीचा हात पोचतो कोठवर? नारूचा फोड धोतराखाली झाकता येतो, ताप गोळी घेऊन लपवता येतो. जेथे पाहायला कोणी नाही, तेथे हुकूम संपतो. तेथून पुढे फक्त विश्वासच चालतो. आणि रोग बहुधा अशाच जागी पसरतो, जेथे पाहायला कोणी नसते.

आता एवढी जुनी हकीकत दिवाळीत कशाला, असे कोणी विचारील. बारवा बहुतेक गावांतून बुजल्या किंवा कोरड्या पडल्या. काही आता पाहुण्यांना दाखवण्यापुरत्या साफ झाल्या. नारू तर गेलाच. पण ती शेवटची पायरी गेलेली नाही. फक्त जागा बदलली आहे.

आमच्या गल्लीत नळाला एक दिवसाआड पाणी येते. म्हणून प्रत्येक घरी एक पिंप भरलेले. डेंग्यूचा डास घाणीत नव्हे, अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा उडता डास होतो. हा डास फार लांब जात नाही. जन्मला तेथून शे-दोनशे पावलांतच बहुधा त्याचा सारा संसार होतो. म्हणजे माझ्या पिंपातला डास चावणार तो मला नाहीतर माझ्या शेजाऱ्याला. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करा, घासा, असे आरोग्यसेवक दारोदार सांगत फिरतात. नुसते रिकामे करून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन् महिने कोरडी टिकतात, म्हणून घासायचे. किती घरांतून हे होते? पाणी टंचाईचे, ते ओतून देणे जिवावर येते. आणि डास काय आपल्याच पिंपातला कशावरून? हा प्रश्न अगदी बिनतोड आहे. तो बारवेतही बिनतोडच होता. पुढच्या वर्षीचा नारू माझ्याच पायाचा कशावरून?

येथेही दोन बाजू आहेत, हे विसरता कामा नये. नळाला रोज पाणी आले तर पिंपच लागणार नाही. ती विहीर बदलण्याची बाजू. नगरपालिकेने ती करावी आणि आपण ती करायला लावावी. पण नळाला रोज पाणी येईपर्यंतच्या शनिवारी पिंप घासणे, ही पायाची बाजू, ती माझी. एका बाजूकडे बोट दाखवून दुसरीतून सुटका करून घेणे, ही आपल्या सर्वांना साधलेली कला आहे. नगरपालिका म्हणते लोक बेजबाबदार, लोक म्हणतात नगरपालिका नालायक. आणि दोघांच्या भांडणात डासाचे मात्र बरे चालते.

या साऱ्याला कोणी कौतुक करीत नाही, हीच खरी अडचण आहे. मरणाच्या दारातून ओढून आणणाऱ्या डॉक्टरांचे नाव आपण जन्मभर घेतो, घ्यावेच. पण ज्यांच्यामुळे आपण त्या दारापर्यंत गेलोच नाही, त्यांचे नाव कोणाला ठाऊक आहे? भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण म्हणजे हावड्याची एक लहान मुलगी, जानेवारी २०११. त्याच्या दोनच वर्षे आधी, २००९ साली, देशात ७४१ मुलांना पोलिओ झाला होता. त्यानंतर जन्मलेली कोट्यवधी मुले आज धावत शाळेत येतात. त्यांतल्या एकाही आईला असे वाटत नाही, की माझे मूल पोलिओतून वाचले. वाटणार कसे? न आलेल्या संकटाला चेहरा नसतो. गाडगेबाबा कीर्तनाआधी हातात खराटा घेऊन गाव झाडीत. रात्रीचे कीर्तन लोकांच्या स्मरणात राहिले. पण त्या झाडण्याने कोणते मूल जुलाबांतून वाचले, हे बाबांनाही कळले नसेल आणि त्या मुलालाही नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी ते पुन्हा खराटा घेत. मला वाटते, फळ दिसेल तरच काम करीन या हट्टातून ते सुटलेले होते.

मघाशी मी म्हटले, की पाण्याबाहेर पाय ठेवण्याला नाव सापडत नाही. परोपकार म्हणावे तर तो फार मोठा शब्द झाला. त्या माणसांनी काही घरदार सोडले नव्हते. कायदा पाळला म्हणावे तर तसा कायदा त्यांच्या कानावरही नव्हता. ते गावातलेच, साधे, कधी भांडकुदळ, बांधावरून एकमेकांशी कोर्टात गेलेले लोक होते. पाय जळत होता, समोर गार पाणी होते, आणि कोणी तरी त्यांना पटेल अशा भाषेत सांगितले होते, की हे पाणी पुढच्या वर्षी कोणाचे तरी पोर पिणार आहे. ते वरच्याच पायरीवर बसून राहिले आणि कोणाला तरी म्हणाले, "माझी घागर तेवढी भरून आण." त्या दुसऱ्या माणसाने ती भरून आणली. मला दिसते ते एवढेच. यात एक माणूस पुरत नाही, हेही त्यातच आले. बसून राहणारा हवा, आणि त्याची घागर भरून आणणाराही हवा. रोग्याकडून संयम मागणाऱ्या गावाने त्याचे पाणी भरण्याचे काम आपल्या डोक्यावर घेतले पाहिजे. क्षयाच्या रोग्याला सहा महिने औषध चुकवू नको असे सांगताना त्याच्या घरी दूध नि डाळ पोचते काय, हे आपण विचारले पाहिजे. कोविडच्या दिवसांत दाराला फळ्या ठोकणारे शेजारी निघाले, आणि त्याच दाराशी डबा ठेवून जाणारेही निघाले. साथ दोघांनाही आवरायची होती. पण लोकांनी आपले दुखणे लपवू नये असे ज्याला वाटते, त्याने डबा घेऊन गेलेले बरे.

मागच्या वर्षी वर्गात मी मुलांना विचारले, "नारू म्हणजे काय?" चाळीस मुलांत एकालाही सांगता आले नाही. एकाने भीतभीत 'पक्षी' म्हटले, एकीने 'आडनाव' म्हटले. मराठीच्या शिक्षिकेला एक शब्द मेलेला पाहून वाईट वाटावे, अशी रीत आहे. मला त्या दिवशी आनंद झाला. त्या मुलांच्या अज्ञानासाठी किती तरी जणांनी किती तरी वर्षे किंमत मोजली होती. मी फळ्यावर तो शब्द लिहिला. आजीच्या घोट्याचे सांगितले, काडीचे सांगितले, आणि वरच्या पायरीवर बसून राहिलेल्या माणसांचेही सांगितले. शब्द मरू दे, ती माणसे मरू नयेत. घंटा झाली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "बाई, त्यांची नावं काय होती?"

मी म्हटले, "माहीत नाही. कोणीच लिहून ठेवली नाहीत." मुलीने वहीत नुसते 'नारू' असे लिहिले, पुढे थोडी जागा मोकळी सोडली आणि वही मिटली.